मंचरचं स्थळ

चांगदेव नेहरकर भाऊसाहेबांना रडू यायचं ते बरोबर दीड वाजता. एक वाजून एकोणतीस मिनिटांपर्यंत माणूस अगदी ठीक असायचा. फायलीवर शेरा मारायचा, शिपायाला चहाचं सांगायचा, समोरच्या अर्जदाराला 'उद्या या' म्हणायचा. मग कचेरीतल्या घड्याळाचा मोठा काटा सहावर आला की डोळ्यांतून जी धार लागायची ती पावणेदोनपर्यंत. हुंदका नाही, आवाज नाही, नुसतं पाणी. भाऊसाहेब पाटबंधाऱ्याच्या कचेरीत आस्थापना लिपिक होते. पाणी ठरल्या वेळी सुटावं आणि ठरल्या वेळी बंद व्हावं म्हणून त्यांनी हयातभर परिपत्रकं काढली होती, आणि ती पाळली कुणी, तर त्यांच्याच डोळ्यांनी.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. दीड ही डबा खायची वेळ. ज्याच्याबरोबर बावीस वर्षं डबा खाल्ला तो शेजारच्या टेबलावरचा तुळशीदास नोव्हेंबरात गेला, आणि डिसेंबरपासून हे सुरू झालं. पण हे कारण भाऊसाहेबांना स्वतःलाच मान्य नव्हतं. माणूस आईबापासाठी रडतो, भावासाठी रडतो, फार तर चुलत्यासाठी रडतो. शेजारच्या टेबलासाठी कोण रडतं? अशा रडण्याला कुठल्याही नियमात तरतूद नाही, हे आस्थापना लिपिकाला कळायला हवं होतं.

कचेरीत ज्याचं त्याचं निदान तयार होतं. कुणी म्हणालं धूळ, कुणी म्हणालं डब्यातला कांदा. हेडक्लार्कनी स्वतः रजा मंजूर करून त्यांना नेत्रतपासणी शिबिरात पाठवलं, तिथून भाऊसाहेब चष्मा घेऊन आले. आता पाणी काचेच्या आत साठू लागलं. रविवारीही सुटका नव्हती. दीडला पाच कमी असताना भाऊसाहेब न्हाणीघरात जायचे, बादलीत नळ सोडून बसायचे आणि ओल्या तोंडानं बाहेर यायचे. "रविवारी दोनदा तोंड धुयाचं खूळ कुठनं आलं?" असं साळुबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, विचारायच्या, भाऊसाहेब 'उकाडा' म्हणायचे. जानेवारी चालू होता, आणि जानेवारीत नारायणगावात माणसं कानटोपी घालून फिरतात.

शेवटी नेहमीच्या डॉक्टरांनी छाती, पोट, रक्त, लघवी सगळं तपासून सांगितलं, "भाऊसाहेब, शरीर ठणठणीत आहे. मनाचं कुणाला तरी दाखवा."

"म्हणजे वेड्यांचा डॉक्टर?"

"नाही हो. समुपदेशक. मंचरला एका ट्रस्टच्या दवाखान्यात दर गुरुवारी बसतो. महाळुंगे पडवळचा पोरगा आहे, भरत नाव, पुण्याला शिकून आलाय. जुन्नर आणि आंबेगाव धरून दोन तालुक्यांत तेवढा एकच आहे, बरं का. जा आणि मोकळेपणानं बोला."

नुसतं बोलायला मंचरपर्यंत जायचं हे भाऊसाहेबांना अजब वाटलं. बोलायला नारायणगावात काय कमी माणसं होती? पण खरी अडचण तीच होती. हर्षाली, त्यांची एकुलती एक मुलगी, डी.एड. होऊन शाळेत लागली होती, तेविसावं चालू होतं. बापाचं डोकं ठिकाणावर नाही अशी कुजबुज एकदा स्टँडवर पोचली असती, तर आण्यापासून घोडेगावापर्यंत एकही स्थळ दारात उभं राहिलं नसतं. म्हणून हे काम अत्यंत गुप्तपणे करायचं असं त्यांनी ठरवलं. आणि सरकारी माणूस कुठलंही गुप्त काम चौकशीपासूनच सुरू करतो.

चौकशीसाठी त्यांनी निवडला चिमाजी. हा त्यांचा शेजारी, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. तीस वर्षं या दोन तालुक्यांतल्या गाड्यांवर घंटी मारल्यामुळे कुठल्या थांब्यावर कोण चढतं, कोण उतरतं आणि का, हे त्याला तोंडपाठ होतं. आता अशा माणसाला गुप्त गोष्ट विचारू नये एवढं कुणालाही समजेल. पण दोन महिने रोज पंधरा मिनिटं रडलेल्या माणसाची समज थोडी ओलसर झालेली असते.

"चिमाजीभाऊ," भाऊसाहेब ओट्यावर बसत हळूच म्हणाले, "महाळुंगे पडवळचा भरत म्हणून एक मुलगा आहे. मंचरला असतो गुरुवारचा. माहितीतला आहे का?"

चिमाजीनं तंबाखू मळायची थांबवली. "का वं?"

"काही नाही. सहज. माणूस कसा आहे तेवढं कळलं असतं तर..."

चिमाजीनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, मग त्यांच्या घराकडे बघितलं, आणि तिथं दोरीवर वाळत घातलेल्या हर्षालीच्या ओढणीवर त्याची नजर थांबली. तो एकदम मायेनं हसला. "आस्सं. बोला की मग. वय काय असंल?"

"अठ्ठावीस-तीस."

"शिकल्याला?"

"एम.ए. झालाय म्हणतात. शिक्षणाचं नाही हो एवढं. स्वभावाचं बघायला पाहिजे. पोटात गोष्ट ठेवणारा आहे का? आपल्या घरचं बाहेर चारचौघांत बोलला तर आपण कुठं तोंड दाखवायचं?"

"लाख बोललात," चिमाजी म्हणाला. "आन् येसन? दारू-बिडी?"

"नसावं. ज्याच्याकडं आपण असला विश्वास टाकायचा..."

"साळूवैनीला म्हाईत हाय का?"

"नाही, नाही! घरात कुणालाच नाही. तुम्हीही बोलू नका. ठरल्यावर बघू."

"आवो, ठरायच्या आधी कोण बोलतंय," असं म्हणून चिमाजीनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. भाऊसाहेबांना भरून आलं. एक अडाणी म्हणता येईल असा कंडक्टर, पण मनाच्या दुखण्याबद्दल त्याची समजूत किती उदार! सुशिक्षितांनी लाजावं, असं मनाशी म्हणत ते घरी आले.

इकडं लग्नाच्या मुलीचा बाप कुणा तरण्या पोराबद्दल खालच्या आवाजात विचारपूस करू लागला तर त्याचा अर्थ एकच असतो. पण हे भाऊसाहेबांच्या ध्यानात यायला संध्याकाळचं जेवण यावं लागलं. ताटात बासुंदी होती. साळुबाई वाटी पुन्हा पुन्हा भरत होत्या आणि त्यांचे डोळे चमकत होते.

"मला समजलंय सगळं," त्या म्हणाल्या. "तोंडानं सांगितलं आसतं तर मी काय खाल्लं आसतं का तुमाला?"

भाऊसाहेबांच्या छातीवरचं ओझं उतरलं. "तुला राग नाही आला?"

"राग? आवो, दोन वर्सं मी देवाला नारळ बोलतीय. मला वाटलं तुमाला काय पडल्यालीच न्हाई. आन् तुमी गुपचूप बघत व्हता! त्याची पत्रिका मागवायची का आधी फोटू?"

बासुंदीची वाटी भाऊसाहेबांच्या ओठापाशी थांबली. हर्षालीनं एकदा आईकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि खाली मान घालून चपाती मोडली. आता खुलासा करायचा म्हणजे खरं सांगायला हवं होतं, आणि खरं सांगायचं नव्हतं म्हणून तर हा सगळा खटाटोप होता. भाऊसाहेबांनी बासुंदी प्यायली. मग त्यांना वाटलं, हे एका अर्थी बरंच झालं. पोर बघायला निघालेल्या बापाला मंचरला का जाता असं कुणी विचारत नाही. एकदा त्या भरतशी बोलून घेऊ, रडं थांबवू, आणि मग पत्रिका जुळली नाही म्हणून मोकळे होऊ. योजना कागदावर उत्तम होती.

गुरुवारी सकाळी ते पिशवी घेऊन बाहेर पडले तर दारात ट्रॅक्स उभी. आत चिमाजी, चिमाजीचा मेहुणा आणि ज्यांना भाऊसाहेब नीट ओळखतही नव्हते असे आणखी चौघं. स्थळाच्या चौकशीला माणूस एकटा गेला तर त्याला भावकी नाही असं समोरच्याला वाटतं, असं चिमाजीचं म्हणणं. दवाखान्यात पोचल्यावर हे सहाही जण केसपेपरच्या खिडकीपाशी भाऊसाहेबांच्या मागं अर्धगोल करून उभे राहिले.

"पेशंट कोण?" आतल्या बाईंनी विचारलं.

"मीच."

"काय होतंय?"

भाऊसाहेबांनी मागं पाहिलं. चौदा डोळे... नाही, त्यांचे दोन वजा जाता बारा डोळे त्यांच्यावर खिळलेले. "दाढ," ते म्हणाले.

"ह्या:! पोरगं बघायला आलं आन् दाढ काढून बसलं," मेहुणा हळहळला. "पण जाऊ द्या, येरझार वाचंल."

केसपेपरवर जे लिहिलं जातं ते मग कुणाच्या बापाला बदलता येत नाही, हे तीस वर्षं कागद हाताळलेल्या भाऊसाहेबांपेक्षा कुणाला जास्त माहीत असणार? ते निमूटपणे दाताच्या खुर्चीत बसले. दंतवैद्य तरुण होता, कामसू होता, आणि सकाळपासून त्याच्याकडे कुणी आलेलं नव्हतं. त्याला उजवीकडं खालच्या बाजूला एक दाढ खरोखरच थोडी किडलेली सापडली. पाऊण तासानं भाऊसाहेब गालात कापूस आणि हातात पुडी घेऊन बाहेर आले, तेव्हा खोली नंबर चारचं दार उघडं होतं. आत एक शांत चेहऱ्याचा तरुण बसला होता आणि त्याच्यासमोर खुर्चीत रेलून चिमाजी बोलत होता. शेती किती, मामाचं गाव कुठलं, बहिणी किती, इथपासून सुरू झालेलं बोलणं आता भलतीकडेच गेलेलं दिसत होतं. चिमाजी टोपीनं डोळे पुसत होता.

भाऊसाहेब दारात जाऊन "अं... अं..." म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं, 'मलाही पाच मिनिटं.' तोंडातून आला तो थोडा कापूस.

"हे मुलीचं वडील," चिमाजीनं ओळख करून दिली. तरुणानं उठून नमस्कार केला. झाली भेट.

परतीच्या वाटेत चिमाजी खिडकीबाहेर बघत बसला होता. पार कळंबच्या पुढं आल्यावर म्हणाला, "लई गुणी पोरगा, राव. आर्धा घंटा मीच बोललो. त्यो एकदा बी मधी बोलला न्हाई. माझं तीस वर्सांपूर्वीचं एक व्हतं मनात, ते बी बोलून गेलो. आसा जावई दिवा घिऊन शोधला तरी सापडायचा न्हाई. म्या त्यांना येत्या रविवारी पोरगी बघायला बोलवलंय. चालंल ना?"

"अं!" भाऊसाहेब ओरडले.

"चालतंय म्हणत्यात," मेहुण्यानं सगळ्यांना सांगितलं.

येणार होते सकाळी दहाला. पण पाहुणे म्हणजे पाहुणे, ते दहाचे एक वाजता आले. मुलगा, मुलाचे भिडस्त आईवडील आणि बोलणी करायला गावातले सावळेराम आबा. हे आबा मुलाच्या नात्यातले नव्हते, पण महाळुंग्यातली एकही सोयरीक त्यांच्याशिवाय होत नसे. उंचेपुरे, पांढऱ्या मिशा, आवाज असा की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. त्यांनी नारायणगावच्या हवेपासून हर्षालीच्या शाळेच्या पटसंख्येपर्यंत सगळं विचारलं. भाऊसाहेब उत्तरं देत होते, पण त्यांचं लक्ष आबांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे. एक वीस. एक पंचवीस. एक सत्तावीसला ते उठले.

"कुठं निघाला?" आबांनी हात धरून बसवलं. "यजमानानं उठायचं नसतंय."

दीड वाजला.

पंधरा माणसांनी भरलेल्या खोलीत, पोह्याची बशी हातात घेऊन, चांगदेव नेहरकर रडू लागले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग चिमाजीच्या बायकोनं बघितलं आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. बघता बघता सगळ्या बायका लागल्या. "बापाचं काळीज," कुणीतरी म्हणालं.

"आवो, आजून ठरलं न्हाई," सावळेराम आबा गोंधळून म्हणाले. "लग्नात काय ठिवणार मग?"

एकट्या भरतनं पोह्याची बशी खाली ठेवली. तो भाऊसाहेबांकडे बघत होता, मग घड्याळाकडे, मग पुन्हा भाऊसाहेबांकडे. आबांनी खाकरून विषय पुढं रेटला. "पोरापोरीला दोन शब्द बोलायचं आसंल तर गच्चीवर जाऊ द्या. आता नवीन पद्धत हाये."

हर्षाली उठली. "मला काही विचारायचं नाही," ती म्हणाली. "माझ्याऐवजी बाबांना जाऊ द्या. त्यांना बोलायचंय."

"आमच्यात आशी पद्धत न्हाई," आबा म्हणाले.

"आमच्यातही नाही. पण मागच्या महिन्यात मी कपाटाची किल्ली द्यायला कचेरीत गेले होते, दीडच्या सुमाराला. खिडकीतून बाबांना बघितलं, आणि किल्ली शिपायाकडे देऊन तशीच परत आले. मला वाटलं, सांगतील. बाबा, जा."

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत भाऊसाहेबांनी सगळं सांगितलं. आण्याच्या तुळशीदासचा डबा ते खायचे आणि त्यांचा तुळशीदास खायचा, बावीस वर्षं, एक दिवस खाडा नाही. तो गेला तेव्हा आस्थापना लिपिक हेच, म्हणून त्याच्या सेवापुस्तकात लाल शाईनं 'मयत' हा शब्द यांनीच लिहिला आणि खाली सही केली. त्याच्या जलदान विधीला आण्याला गेले, मागच्या रांगेत बसले, संध्याकाळच्या गाडीनं परत आले आणि दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर सही केली. "मला एक चुलत चुलता होता," ते म्हणाले, "त्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही. त्याचं दहा दिवस सुतक पाळलं आम्ही. दाढीसुद्धा केली नाही. आणि याच्यासाठी मला एक दिवस नाही. मी कोण त्याचा? कुठल्या रकान्यात बसतो मी?"

भरतनं टाकीला टेकून सगळं ऐकलं. मग म्हणाला, "तुम्हाला दिवस हवेत. ते आपण घेऊ. पण चार-सहा वेळा यावं लागेल माझ्याकडे. आणि एक सांगतो, ज्यांचं मी ऐकतो त्यांच्या घरात मला सोयरीक करता येत नाही. दोन्हीपैकी एक. मी खाली तोंड उघडणार नाही. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पत्रिका जुळत नाही म्हणालात तरी चालेल."

भाऊसाहेब जिना उतरून आले तेव्हा दोनदा चहा होऊन गेला होता. "देण्याघेण्याचं ठरवत आसत्याल," असं चिमाजी सगळ्यांना समजावत होता. सगळ्यांनी माना वर केल्या. साळुबाईंनी तर साखरेचा डबा काखेत धरूनच ठेवला होता.

"काय ठरलं?" आबांनी विचारलं.

'पत्रिका' हा शब्द भाऊसाहेबांच्या जिभेवर आला. दाढ काढलेल्या खड्ड्यापाशी थोडा अडकला. आणि तिथंच राहिला.

"सोयरीक जमत नाही," ते म्हणाले. "मुलात काही खोट नाही. खोट माझ्यात आहे. तुळशीदास गेल्यापासून मी रोज दीड वाजता रडतो. थांबत नाही. मला यांच्याकडे जायचंय, दर गुरुवारी. यांना जावई केलं तर मला जाता येणार नाही."

बाहेर पाहुण्यांच्या ट्रॅक्सचा ड्रायव्हर गाणं गुणगुणत होता, तेवढं ऐकू आलं. मग चिमाजी उसळला. "भाऊसाहेब, ध्यानावर या. सोन्यासारखा पोरगा! रडू काय, चार दिसांनी आपसूक थांबतंय. त्याच्यापायी जावई घालवता?"

"चिमाजीभाऊ, जावई दोन तालुक्यांत ढीगभर मिळतील," भाऊसाहेब म्हणाले. "हा एकच आहे. तोही फक्त गुरुवारी."

हर्षाली हसली. मोठ्यानं, बघायला आलेल्या मुलीनं हसू नये तशी. भरतही हसला, आणि लगेच गंभीर झाला.

साळुबाई मात्र साखरेचा डबा घेऊन खाली बसल्या. "भावजींसाठी व्हय?" त्या म्हणाल्या. "मग मला का न्हाई सांगितलं? तुमचा डबा म्या बावीस वर्सं त्यांच्या तोंडाच्या चवीनं भरला. कारलं गोड लागायचं त्यांना, म्हणून गूळ जास्त. आजून बी तसाच भरती. हातच वळत न्हाई दुसरीकडं." भाऊसाहेब त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून रडू लागले, पंधरा माणसांदेखत, आणि या वेळी दीड वाजून तासभर होऊन गेला होता.

पाहुणे उठले. आईवडील अवघडून नमस्कार करत बाहेर पडले. सावळेराम आबा तेवढे वहाणा घालायला फार वेळ लावत होते. शेवटी त्यांनी भरतला दंडाला धरून कोपऱ्यात ओढलं, आणि गल्लीतल्या कुत्र्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "गुरुवारी किती वाजता बसतो रं तू?"

"दहाला. का आबा?"

"न्हाई, एक माणूस हाये. महाळुंग्यातलाच. त्याची कारभारीण जाऊन सा वर्सं झाली, आन् आजून त्याला रातीचं दोन ताटं वाढायची सवय हाये."

"मग घेऊन या की त्याला सोबत."

"सोबत कशाला आणायची," आबा खाली बघून वहाणेचा अंगठा शोधत म्हणाले, "माझ्याच पायानं येतोय त्यो."